बदलीच्या पाळीवरची दोन बोटं

भोसरीच्या प्रेसशॉपमध्ये मी एकोणतीस वर्षं काढली. आधी हेल्पर, मग ऑपरेटर, मग डाय सेटर. त्या धंद्यात एक सवय लागते आणि ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. नवा माणूस भेटला की तोंडाआधी त्याच्या हातांकडे नजर जाते. बोटं दहा आहेत की नऊ, हे कळल्यावर मग नाव-गाव.

माझी साडेनऊ आहेत. १९८७ सालचा पावसाळा होता, दुसरी पाळी. ब्रॅकेट वाकवायचं काम चालू होतं. प्रेसचा गार्ड मीच काढून बाजूला ठेवला होता, कारण गार्ड लावला की तासाचे नग कमी पडत. पेडलवर पाय पडला तेव्हा हात अजून डायमध्येच होता. उजव्या हाताचं मधलं बोट पहिल्या पेरापासून गेलं. त्या वेळी दुखलं त्यापेक्षा जास्त दुखलं ते नंतर, कारण आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवायचो. वर्षभर पेटीला हात लावला नाही. पुढे उरलेल्या बोटांनी कशीबशी बसवली, पण तान घेताना मधलं बोट स्वराच्या अलीकडेच थांबायचं.

हे सांगायचं कारण असं, की २००५ साली माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. एका रात्री त्यानं माझ्या कानाला हेडफोन लावला आणि म्हणाला, “बाबा, हा माणूस प्रेसवरचाच आहे. तुमच्यासारखंच झालंय त्याला.” कानात जे आलं ते मला अगदी ओळखीचं वाटलं. संगीत म्हणून नव्हे, दोनशे टनी प्रेसच्या शेजारी उभं राहिल्यावर पायातून वर चढतो तो हादरा म्हणून. बँडचं नाव ब्लॅक सॅबथ, गाव बर्मिंगहॅम. गिटार वाजवणाऱ्याचं नाव टोनी आयोमी. त्या रात्रीपासून वीस वर्षं मी या बँडमधल्या चार माणसांचा इतिहास मिळेल तिथून वाचत आलो आहे. आयोमीचं ‘आयर्न मॅन’ हे आत्मचरित्र २०११ साली आलं, ते मी शब्दकोश शेजारी ठेवून दोनदा वाचलं.

बर्मिंगहॅम हे नाव मला त्याआधी माहीत होतं ते नळ्यांच्या जाडीमुळे. हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांची जाडी आपल्याकडे आजही ‘बीडब्ल्यूजी’मध्ये सांगतात. चौदा बीडब्ल्यूजी, सोळा बीडब्ल्यूजी. त्यातला ‘बी’ म्हणजे बर्मिंगहॅम. तारेची आणि नळीची जाडी मोजायचं माप ज्या गावानं जगाला दिलं, ते गाव किती धातू घडवत असेल याचा अंदाज करा. हजार धंद्यांचं शहर अशीच त्याची ओळख होती. पेनाच्या निबा, बटणं, बंदुका, बिजागऱ्या, बीएसएच्या मोटरसायकली, लुकासचे हॉर्न आणि दिवे, सगळं तिथं बनत होतं.

दुसऱ्या महायुद्धात म्हणूनच जर्मन विमानांनी हे शहर भाजून काढलं. बॉम्बहल्ल्यांत दोन हजारांहून जास्त माणसं मेली. शहराच्या उत्तरेला अ‍ॅस्टन नावाची कामगार वस्ती आहे. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, मागच्या अंगणात संडास, गल्लीच्या टोकाला कारखाना. १९४८ आणि १९४९ साली या भागात चार मुलं जन्मली आणि पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांवर खेळत मोठी झाली.

जॉन मायकल ऑसबर्न, ज्याला पुढे सगळं जग ऑझी म्हणू लागलं, तो १४, लॉज रोड इथल्या लहानशा घरात सहा भावंडांमधला एक. बाप जॅक हा जनरल इलेक्ट्रिक कंपनीत टूलमेकर, कायम रात्रपाळीला. आई लुकासमध्ये. ऑझी शाळेत कच्चा. शाळा सुटल्यावर कत्तलखान्यात काम केलं, लुकासमध्ये मोटारींचे हॉर्न सुरात लावायचं काम केलं. चोरी करताना सापडला, दंड भरता आला नाही म्हणून सहा आठवडे तुरुंगात बसला. टेरेन्स ‘गीझर’ बटलर आयरिश कॅथलिक घरातला, सात भावंडांतला. एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून उमेदवारी करत होता. बिल वॉर्ड ढोल वाजवायचा, आणि त्याच्या डोक्यात रॉकच्या आधी जीन क्रुपासारख्या जॅझवाल्यांचा ताल भिनलेला होता. चौथा टोनी आयोमी, इटालियन वंशाच्या दुकानदार आईबापांचा एकुलता एक मुलगा. घरात अकॉर्डियन वाजायचं. त्यालाही पहिलं वाद्य मिळालं ते अकॉर्डियन. अकॉर्डियन म्हणजे आपल्या पेटीची बहीणच, दोघींच्याही पोटात भाता आणि धातूच्या पट्ट्या. हे वाचलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं होतं.

आता त्या दिवसाकडे येतो. साल १९६५. आयोमी सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर. गिटार चांगली वाजवू लागला होता. एका बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जायचं ठरलं होतं म्हणून त्यानं राजीनामा दिला होता. कारखान्यातला शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा आईला म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, काम हाती घेतलंय ते पुरं करून ये. प्रत्येक कामगाराच्या घरात आई हेच सांगते. तो परत गेला.

त्याच्या आधीच्या टप्प्यावर पत्रा वाकवून देणारा माणूस त्या दिवशी आलाच नव्हता. पत्रा आला नाही तर वेल्डर बसून राहणार. म्हणून आयोमीलाच त्या मशीनवर उभं केलं. आपल्याकडे याला बदली म्हणतात. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार हा शब्द ज्यांनी ऐकला आहे त्यांना त्यामागची घाई आणि अनोळखी मशीन दोन्ही कळतील. मोठी प्रेस, पायात डुगडुगणारं पेडल. पत्रा आत सरकवायचा, पेडल दाबायचं, वरून धाडकन दाब येणार. सकाळभर निभावलं. दुपारी प्रेस खाली आली तेव्हा उजवा हात आत होता. प्रतिक्षिप्त क्रियेनं त्यानं हात मागं ओढला आणि मधल्या बोटाची व अनामिकेची टोकं तिथंच राहिली.

तो डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात उजवा. गेली ती नेमकी दाबायची बोटं.

डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर. पोरगा घरात बसून राहिला. तेव्हा कारखान्याचा फोरमन त्याच्याकडे एक तबकडी घेऊन आला. ती जँगो राइनहार्ट या जिप्सी गिटारवाल्याची. ऐकून झाल्यावर फोरमननं सांगितलं, हा माणूस दोनच बोटांनी वाजवतो; १९२८ साली त्याच्या गाडीला आग लागली, त्यात दोन बोटं निकामी झाली. त्या फोरमनचा मी मनोमन ऋणी आहे. माझ्या वेळी मला भेटायला आलेल्यांनी नुकसानभरपाईच्या फॉर्मची चौकशी केली, तीही गरजेचीच होती. पण आपल्या हाताखालच्या पोराची गिटार बंद पडली आहे हे लक्षात ठेवून घरी रेकॉर्ड घेऊन जाणारा फोरमन विरळा.

पुढे आयोमीनं जे केलं ते टूलरूमच्या माणसानं केलं असतं तसं केलं. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची रिकामी बाटली वितळवली. त्याचा गोळा केला. तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं त्यात भोक पाडलं, बोट आत बसेल इतकं. मग सँडपेपरनं घासत घासत बोटाच्या टोकाचा आकार दिला. तारेवरून प्लॅस्टिक घसरू लागलं तेव्हा जुन्या जाकिटाच्या कातड्याचे तुकडे कापून त्यावर चिकटवले आणि कातडं गुळगुळीत होईपर्यंत वाजवत राहिला. आतून हाड हुळहुळायचं. टोपी जाड झाली तर सूर लागत नाही, पातळ झाली तर दुखतं. हे फिटिंगचं काम आहे. ‘थोडं घे, बसवून बघ, परत थोडं घे’ असं आम्ही नव्या पोरांना शिकवतो.

तारांचाही प्रश्न होता. त्या काळी गिटारच्या तारा जाड मिळायच्या. त्यानं बँजोच्या बारीक तारा आणून गिटारला लावल्या. प्रेसशॉपमध्ये पत्र्याची जाडी आम्ही थाऊमध्ये बोलतो, इंचाचा हजारावा भाग. गिटारच्या तारेची जाडीसुद्धा त्याच मापात मोजतात हे मला मुलानं दाखवलं. आठ थाऊ, नऊ थाऊ. आणि तेवढ्यानंही बोटं दुखायची राहिली नाहीत तेव्हा त्यानं तारांचा ताणच कमी केला. सगळी गिटार खाली उतरवली. १९७१ सालच्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बममधली बरीच गाणी नेहमीच्या पट्टीपेक्षा तीन स्वर-घरं खाली आहेत. पेटीवर सांगायचं तर पांढरी तीनवरून काळी एकवर. बटलरनंही आपली बास गिटार तशीच उतरवली.

ताण कमी झाला तसा आवाज जड झाला. टोपीच्या बोटांना तार जाणवत नाही, म्हणून गुंतागुंतीच्या पकडी त्यानं कमी केल्या आणि शाबूत असलेल्या पहिल्या व शेवटच्या बोटानं दोन स्वरांची पकड धरली. सा आणि प, बस्स. तंबोऱ्यातही आपण तेच दोन स्वर लावतो, कारण त्यांत रिकामेपणा आणि भरीवपणा दोन्ही आहे. उतरलेल्या तारा, सा-प ची पकड आणि मोठा अँप्लिफायर, या तिन्हींतून तो आवाज उभा राहिला. अँप्लिफायरसुद्धा गावातलाच होता, लेनी कंपनीचा, जी बर्मिंगहॅममध्ये १९६७ साली सुरू झाली.

आता बँडचं सांगतो. ऑझीनं वाद्यांच्या दुकानात चिठ्ठी लावली होती की गायकाला काम हवं आहे, स्वतःची पीए सिस्टीम आहे. ती पीए सिस्टीम बापानं २५० पौंड कर्ज काढून घेऊन दिली होती. रात्रपाळी करणाऱ्या टूलमेकरला २५० पौंड म्हणजे काय असतं हे मी समजू शकतो. चिठ्ठी वाचून आयोमी आणि वॉर्ड त्याच्या दारात गेले. दार उघडल्यावर आयोमीनं ओळखलं की हा आपल्याच शाळेतला, एक वर्ष मागचा पोरगा. शाळेत आयोमीनं त्याला सतावलंही होतं. १९६८ साली चौघं एकत्र आले. आधी लांबलचक नावाचा ब्लूज बँड, मग नाव ठेवलं ‘अर्थ’.

त्या वर्षाच्या शेवटी जेथ्रो टल या चढत्या बँडनं आयोमीला बोलावून घेतलं. तो गेला, पण थोड्याच दिवसांत परत आला. परत येताना त्यानं एक गोष्ट आणली, ती म्हणजे वेळ. तिथं सकाळी सराव सुरू होतो हे त्यानं पाहिलं होतं. आता अ‍ॅस्टनच्या समाजकेंद्रात हे चौघं सकाळी नऊला जमू लागले. गाडी चालवता येणारा आयोमी एकटा, त्यामुळे तोच बाकीच्यांना अंथरुणातून उठवून आणायचा. पहिल्या पाळीची हजेरीच ती.

समोर सिनेमाचं थिएटर होतं. तिथं ‘ब्लॅक सॅबथ’ नावाचा भीतिपट लागला होता, मारिओ बावाचा १९६३ सालचा, बोरिस कार्लोफ असलेला. रांग बघून त्यांच्यात बोलणं झालं की माणसं घाबरून घ्यायला पैसे मोजतात. अर्थ नावाचा दुसराही एक बँड असल्याचं कळलं तेव्हा १९६९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी हेच नाव घेतलं.

त्या नावाच्या गाण्यातले पहिले तीन स्वर मी पेटीवर वाजवून पाहिले आहेत. पांढरी पाच सा धरायची. खालचा सा, वरचा सा, आणि मग मधल्या सप्तकात उतरून तीव्र मध्यम, म्हणजे काळी एक. युरोपात जुन्या संगीतपंडितांना सा ते तीव्र म हे अंतर अशुभ वाटायचं, त्याला सैतानाचं नाव चिकटलं होतं. आपल्याला तीव्र मध्यमाची भीती वाटत नाही, यमन रोज संध्याकाळी तोच लावून बसतो. पण त्याच्या आजूबाजूचे गंधार, पंचम, निषाद काढून टाका, नुसता सा आणि तीव्र म ठेवा, आणि अंधाऱ्या शेडमध्ये सावकाश वाजवा. अंगावर काटा येतो. गीझर बटलर त्या दिवसांत होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या ‘द प्लॅनेट्स’मधला मंगळ वाजवून बघत असे, त्यातून आयोमीला हे सुचलं. हाच होल्स्ट संस्कृत शिकला होता. ऋग्वेदातल्या सूक्तांना त्यानं संगीत दिलं आणि आपल्या सत्यवान-सावित्रीच्या कथेवर ऑपेरा लिहिला. रस्ते कुठून कुठं जातात याचा मला नेहमी अचंबा वाटतो.

१९६९ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या एका छोट्या स्टुडिओत एका दिवसात पहिला अल्बम वाजवून झाला. जसा रोज स्टेजवर वाजवत तसाच वाजवला आणि जहाज पकडून कार्यक्रमाला युरोपात निघून गेले. सुरुवातीचा पाऊस आणि घंटेचा आवाज निर्माते रॉजर बेन यांनी मागाहून जोडला. १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, तबकडी बाजारात आली. समीक्षकांनी झोडपलं. लोकांनी विकत घेऊन ती ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकावर नेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘पॅरानॉइड’ आला आणि पहिल्या क्रमांकावर गेला. ज्या गाण्यावरून अल्बमचं नाव पडलं ते तर भरतीचं. तीन मिनिटं कमी पडत होती म्हणून आयोमीनं बाकीचे जेवायला गेले असताना रचलं. त्याच अल्बममध्ये ‘वॉर पिग्ज’ आहे, युद्ध पुकारणारे आणि युद्धात मरणारे वेगळे असतात हे सांगणारं. व्हिएतनामचा काळ होता. बहुतेक शब्द बटलर लिहायचा, हिशेबाच्या वह्या लिहिणारा तो शांत मुलगा.

लोक त्यांना सैतानाचे पूजक समजत. चौघांच्या गळ्यात क्रूस असायचे. ते कोणी बनवले? ऑझीच्या बापानं. कारखान्यात, अ‍ॅल्युमिनियममधून. मुलगा वाईट शक्तींच्या नादाला लागेल या काळजीनं एका टूलमेकरनं पाळीच्या वेळात घासून-पॉलिश करून दिलेले चार क्रूस. मी स्वतः टूलरूममधून मुलासाठी भोवरा आणि बायकोसाठी पोळपाटाच्या पायाला पितळी कड्या करून आणल्या आहेत. त्यामुळे त्या क्रूसांकडे मला सजावट म्हणून बघताच येत नाही. त्यात बापाचा हात दिसतो.

त्याच वर्षांत, त्याच परिसरात आपलीही माणसं होती, हे मला उशिरा कळलं. बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेथिकच्या फाउंड्र्यांमध्ये पंजाबातून गेलेले शेकडो कामगार ओतकाम करत होते. घर भाड्यानं मिळत नसे, काही पबमध्ये त्यांना वेगळं बसवत. इंडियन वर्कर्स असोसिएशन त्याविरुद्ध लढत होती, आणि तिच्या बोलावण्यावरून १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स स्मेथिकला येऊन गेले. ज्या वर्षी आयोमीची बोटं गेली तेच हे वर्ष. पत्रा वाकवणारा इटालियन वंशाचा पोरगा आणि साच्यात धातू ओतणारे जालंधरचे लोक एकाच धुराखाली राहत होते.

बँड मोठा झाला तसा कारखान्यापासून दूर गेला. १९७२ चा अल्बम लॉस एंजेलिसमध्ये झाला. ध्वनिमुद्रणापेक्षा कोकेनवर जास्त पैसा गेला असं त्यांनीच पुढे सांगितलं. पैशाचे व्यवहार कोण बघतंय, करारात काय लिहिलंय हे चौघांपैकी कोणी धड वाचलं नव्हतं. १९७५ चा ‘सॅबोटाज’ बनत असताना आधीच्या व्यवस्थापकाशी कोर्टकचेरी चालू होती आणि नोटिसा थेट स्टुडिओत यायच्या. करार न वाचता सही करणं हा कामगाराचा जुना रोग आहे. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या कागदावर काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

१९७७ मध्ये ऑझी एकदा सोडून गेला, परत आला. १९७८ च्या हिवाळ्यात ‘नेव्हर से डाय’साठी ते कॅनडात टोरांटोला गेले. दिवसा गारठलेल्या सिनेमागृहात सराव करायचा आणि रात्री ध्वनिमुद्रण. मला हे वाचताना फार वाईट वाटलं. दहा वर्षांपूर्वी त्याच माणसांनी सिनेमागृहासमोरच्या खोलीत सकाळी नऊला उत्साहानं सुरुवात केली होती. आता सिनेमागृहाच्या आत बसले होते आणि कोणाचंच मन त्यात नव्हतं. १९७९ च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसमध्ये ऑझीला काढायचं ठरलं. ही बातमी त्याला सांगायचं काम बिल वॉर्डवर आलं, जो त्याचा सगळ्यांत जवळचा मित्र होता. वॉर्ड स्वतः दारूत बुडालेला होता. पुढच्याच वर्षी तोही गेला. रॉनी जेम्स डिओ हा अमेरिकन गायक आला आणि १९८० चा ‘हेवन अँड हेल’ गाजला. ऑझीचा स्वतःचा बँडही त्याच वर्षी उभा राहिला आणि तुफान चालला. पुढे ब्लॅक सॅबथमध्ये माणसं येत-जात राहिली. कायम राहिला तो एकटा आयोमी.

त्याच काळात बर्मिंगहॅमचा धातूही थंडावत होता. बीएसए सत्तरच्या दशकातच बुडाली. ऐंशीच्या दशकात शेडला कुलपं लागत गेली. माल बनायचा थांबला, पण त्या शेडचा आवाज मात्र जगभर पसरला. शेजारच्या वेस्ट ब्रॉमिचमधून ज्युडास प्रीस्ट हा बँड आला. अमेरिकेत मेटॅलिका आणि साउंडगार्डनसारख्या बँडनी हाच जडपणा उचलला. आज मुंबई-पुण्यातली कॉलेजची पोरं गिटारच्या तारा खाली उतरवतात, त्यांतल्या बहुतेकांना माहीत नसतं की ही पद्धत एका कामगाराच्या दुखऱ्या बोटांसाठी निघाली.

इथं मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. अपघात झाला म्हणून महान संगीत जन्मलं, असं लोक फार सहज बोलतात. मुलानंही त्या रात्री मला धीर द्यायला असंच काहीतरी म्हटलं होतं. पण मी प्रेसशॉपमध्ये बोटं गेलेली तीसेक माणसं ओळखतो. त्यांच्यातला एक चांगला ढोलकीवाला होता, एक कुस्तीगीर होता. त्यांचं ते सुटलं ते सुटलंच. प्रेस कुणाला काही देत नाही. आयोमीला जे मिळालं ते फोरमननं आणलेल्या रेकॉर्डमधून मिळालं. बाटली वितळवण्याच्या, भोक पाडण्याच्या, घासून बसवण्याच्या कारागिरीतून मिळालं. कारखान्यानं हात तोडला आणि कारखान्यातच शिकलेल्या हातांनी तो दुरुस्त केला. मला अभिमान वाटतो तो या दुरुस्तीचा.

चौघं पुन्हा एकत्र आले ते अधूनमधून. १९८५ मध्ये लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात, मग १९९७ च्या डिसेंबरमध्ये बर्मिंगहॅमला. २०१२ मध्ये आयोमीला कर्करोग असल्याचं जाहीर झालं. उपचार घेत घेत त्यानं ‘१३’ हा अल्बम पुरा केला आणि २०१३ मध्ये, ‘पॅरानॉइड’नंतर सुमारे ४३ वर्षांनी, ते ब्रिटनच्या यादीत पुन्हा पहिले आले. त्यात वॉर्ड नव्हता. करारावरून त्याचं जमलं नाही. २०१७ च्या फेब्रुवारीतला निरोपाचा कार्यक्रमही त्याच्याविनाच झाला.

२०२४ च्या उन्हाळ्यात मुलाकडे इंग्लंडला गेलो तेव्हा एक दिवस बर्मिंगहॅमला गेलो. ब्रॉड स्ट्रीटवर कालव्याच्या पुलाला आता ब्लॅक सॅबथचं नाव आहे आणि तिथं २०१९ पासून पोलादी बाक आहे, चौघांची चित्रं असलेला. मी त्यावर हात फिरवून कडा पाहिल्या. सवय जात नाही. न्यू स्ट्रीट स्टेशनात दहा मीटर उंचीचा यांत्रिक बैल आहे. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी तो बनवला गेला, साखळ्या घडवणाऱ्या बायकांच्या स्मरणार्थ. क्रॅडली हीथच्या त्या बायकांनी १९१० साली पगारासाठी संप केला होता. लोकांनी मतदान करून बैलाचं नाव ठेवलं ऑझी. साखळी घडवणाऱ्या बाया आणि हॉर्न सुरात लावणारा पोरगा, दोघांना एकाच धातूच्या जनावरात जागा मिळाली. शहरानं आपल्या कामगारांना असं ओळखावं यापरता मान नाही.

५ जुलै २०२५ ला चौघांनी शेवटचं एकत्र वाजवलं. जागा व्हिला पार्क, अ‍ॅस्टनचं फुटबॉल मैदान, लॉज रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. लहानपणी ऑझी इथं सामन्याला येणाऱ्यांच्या मोटारी राखून चार पैसे मिळवायचा. आता त्याला पार्किन्सन्स झाला होता, उभं राहता येत नव्हतं, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून गायला. मागं बिल वॉर्ड ढोलावर होता, वीस वर्षांनी. सुमारे ४० हजार माणसं. चार गाणी झाली आणि संपलं. पैसा रुग्णालयाला, मुलांच्या हॉस्पिसला आणि पार्किन्सन्सच्या संशोधनाला द्यायचं ठरलं होतं. सतराच दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. ३० तारखेला त्याची अंत्ययात्रा ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली आणि त्या पुलावर थांबली, बाकाजवळ फुलांचा ढीग होता. चिंचवडला मोबाइलवर मी ते पाहत होतो.

त्या व्हिला पार्कच्या चित्रफितीत मी ऑझीपेक्षा आयोमीचा उजवा हात जास्त वेळ पाहिला. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, दोन बोटांवर टोप्या आहेत, आणि पट्टी उतरलेलीच आहे.

२०११ साली आयोमीचं पुस्तक वाचून संपलं त्या आठवड्यात मी ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो होतो. पांढऱ्या नायलॉनच्या दांडीतून लेथवर एक टोपी काढली, आतून बोटाला टेपर देऊन, बाहेरून गोल. चार वेळा बसवून पाहिली, चार वेळा सँडपेपर मारला. पाचव्यांदा बरोबर बसली. तिच्यावर जुन्या चपलेच्या कातड्याचा तुकडा चिकटवला. गुरुवारी भजनाला बसलो तेव्हा टोपीचा टकटक आवाज येईल म्हणून धाकधूक होती. आला नाही. चोवीस वर्षांनी मधलं बोट स्वरापर्यंत पोचलं.